कट दिसला नाही पाहिजे: पहिली शॉर्टफिल्म करणाऱ्यांसाठी

आमची पहिली शॉर्टफिल्म ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या घरात झाली. लांबी नऊ मिनिटं. गोष्ट एवढीच, की मुलीला बेंगळुरूला नोकरी लागलीय, बाबांना अजून सांगितलेलं नाही, आणि दोघं चहा प्यायला बसलेत. शूटिंग दोन रविवारचं, ३० जून आणि ७ जुलै २०२४. एडिटिंग मात्र तीन महिने चाललं. त्यातले दोन महिने त्या दोन रविवारच्या चुका निस्तरण्यात गेले.

पहिला कट, म्हणजे शॉट जोडून तयार झालेली पहिली आवृत्ती, हौसेने आजींनाच दाखवला. चार मिनिटं त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, "अरे, ती मुलगी खिडकीपाशी बसली होती ना? मग फ्रिजपाशी कधी जाऊन बसली?"

मुलगी जागेवरून तसूभरही हलली नव्हती. हलला होता तो आमचा कॅमेरा. आम्ही कपातल्या चहाची पातळी जपली होती, बशीतली बिस्किटं मोजून ठेवली होती, आणि नेमकी माणसंच जागेवर राहिली नव्हती.

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर गेलं (कट लागला) तरी सगळं सलग वाटणं, दोन प्रकारची असते. एक वस्तूंची: कप, घड्याळ, टिकली, वाढलेली दाढी. दुसरी जागेची आणि नजरेची: कोण कुठे बसलंय, कोण कुणाकडे बघतंय, कोण कुठल्या बाजूला निघालंय. नवी मंडळी पहिलीच्या मागे धावतात, कारण ती फोटो काढून पकडता येते. प्रेक्षक मात्र दुसरी बिघडली की गोष्टीतून उठतो. चहा बोटभर कमीजास्त झाला तर कुणालाही कळत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात दुसऱ्या प्रकाराला जास्त जागा दिली आहे.

आधी हे जवळ ठेवा

- शॉट लिस्ट आणि घराचा वरून दिसणारा नकाशा (वहीच्या पानावर पेनाने काढलेला चालतो)
- कंटिन्युइटी शीट (कुठल्या शॉटला काय कसं होतं याची नोंद) आणि ती भरणारा एक स्वतंत्र माणूस
- रंगीत चिकटपट्टी, खडू, मोजपट्टी
- क्लॅप (शॉटचा नंबर लिहून वाजवायची पाटी). नसेल तर वहीचं पान आणि टाळी
- ट्रायपॉड, वेगळा साउंड रेकॉर्डर किंवा कॉलर माइक
- दोन हार्डडिस्क. एक नाही, दोन
- कलाकारांचं लेखी संमतिपत्र. कलाकार लहान असेल तर पालकांचं
- घरमालकाची आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी हरकत नसल्याची चिठ्ठी
- बाहेर शूटिंग असेल तर त्या त्या जागेची परवानगी

शेवटच्या मुद्द्यावर दोन ओळी. स्टेशन ही रेल्वेची हद्द आहे, तिथे मध्य रेल्वेची परवानगी लागते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, त्यामुळे तिथे वन विभाग. रस्ता, तलावपाळी, उद्यानं यांच्यासाठी महापालिका आणि पोलीस. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची ऑनलाइन एक खिडकी योजना आहे, सुरुवात तिथून करा. "दोन मिनिटांचं काम आहे, कोण बघतंय" असं म्हणून कॅमेरा काढला की अर्ध्या शॉटवर उठावं लागतं, आणि अर्धा शॉट एडिटिंगच्या टेबलावर कशालाच जुळत नाही.

१. कॅमेऱ्याची सेटिंग एकदाच करा आणि कागदावर लिहा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे मग सहसा फडफडत नाहीत. फोनवर शूट करणार असाल तर त्याचा नेहमीचा कॅमेरा बहुतेक वेळा ३० फ्रेमवर असतो, शिवाय उजेड बघून फ्रेमचा वेग मनाने कमीजास्त करतो. असा व्हिडिओ वेगळ्या रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवला की पहिल्या मिनिटाला ओठ बरोबर आणि पाचव्याला पुढेमागे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात फ्रेमरेट, शटर, रंगाचं तापमान सगळं बांधून ठेवता येतं. आधीच चुकीचं शूट झालं असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून सगळ्या फायली एकसारख्या फ्रेमरेटवर काढून घ्या, मगच एडिटिंगला बसा.

रंगाचं तापमान आपोआप ठरू दिलंत तर ढग आला की भिंत निळी, ढग गेला की पिवळी. जूनअखेरचं आभाळ एका रविवारात दहा वेळा रंग बदलतं.

२. जमिनीवर रेष आखा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. टेबलाच्या डाव्या बाजूला बाबा, उजव्या बाजूला मुलगी. दोघांच्या नाकातून जाणारी एक दोरी ताणली आहे असं समजा. ही झाली ॲक्सिस. कॅमेरा या दोरीच्या एकाच अंगाला राहिला पाहिजे. त्या अंगाचं १८० अंशांचं अर्धवर्तुळ तुमचं, पलीकडचं परक्याचं. या अर्धवर्तुळात कुठूनही शॉट घ्या, बाबा उजवीकडे बघतात आणि मुलगी डावीकडे. क्लोज (चेहऱ्याचे जवळचे शॉट) लावले तरी दोघं समोरासमोर वाटतात.

आमचा घोळ असा झाला. पहिल्या रविवारी कॅमेरा स्वयंपाकघराच्या बाजूला होता, मागे खिडकीची भिंत दिसत होती. दुसऱ्या रविवारी पाऊस. खिडकीतून उजेड येईना, म्हणून कॅमेरामन खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. मुलीच्या चेहऱ्यावर उजेड अगदी छान पडला. सगळे खूश. एडिटिंगच्या टेबलावर शॉट लावले तेव्हा कळलं की आता मुलगीही उजवीकडे बघतेय. दोघं एकमेकांशी न बोलता, पडद्याबाहेर उजवीकडे बसलेल्या कुणा तिसऱ्याशी बोलताहेत. मागे फ्रिज आला तो वेगळाच. म्हणून आजींना ती उठून बसल्यासारखी वाटली.

तेव्हापासून आम्ही जमिनीवर खरोखरच चिकटपट्टी लावतो. रांगोळीची रेषही चालते, फक्त पाय पुसून घरात या. कॅमेरा, लाइट, माइक सगळ्यांना सांगून ठेवायचं: पट्टीच्या पलीकडे जायचं असेल तर आधी विचारा.

पलीकडे जाता येतच नाही असं नाही. चार वाटा आहेत. कॅमेरा चालू शॉटमध्ये प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत पलीकडे जाऊ शकतो. कलाकार उठून जागा बदलू शकतो, मग रेषही नवी होते. मधे एक शॉट थेट रेषेवरून, म्हणजे चेहरा सरळ समोर, घेता येतो. किंवा मधे कप, घड्याळ, दाराची कडी असं काहीतरी दाखवायचं, ज्याला डावं-उजवं नसतं.

तीन माणसं जेवायला बसली असतील तर रेषा तीन होतात, आणि नवशिक्याची दाणादाण उडते. माझा सल्ला: पहिल्या फिल्ममध्ये तिसऱ्याला गॅलरीत पाठवा.

३. लुक तपासा

सेटवर "लेफ्ट लुक", "राइट लुक" हे शब्द सतत कानावर पडतील. कलाकार कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला बघतोय ते. शॉट लिस्टमध्ये प्रत्येक क्लोजपुढे एवढं एक अक्षर लिहाच: ले किंवा रा.

बाजूइतकीच महत्त्वाची उंची. मुलगी उभी आणि बाबा बसलेले असतील तर बाबांची नजर वर, तिची खाली. आमच्या बाबांचं काम करणारे काका साडेसातलाच निघून गेले, आणि मुलीचे क्लोज उरले होते. ती बिचारी रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलली. खुर्चीची पाठ बाबांच्या डोळ्यांपेक्षा दीड वीत खाली. परिणाम असा, की बाप समोर असताना मुलगी त्याच्या शर्टाच्या बटणांशी बोलतेय. समोरचा कलाकार नसेल तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँड उभा करून त्याला फुली चिकटवा. स्टँड नसेल तर झाडू उभा धरा आणि झाडूला फुली. हसू आलं तरी चालेल, नजर बरोबर येते.

४. मास्टर घ्या, मग तुकडे. आणि प्रत्येक तुकड्यात थोडं जास्त घ्या

पहिला शॉट मास्टर: दोघं, टेबल, खिडकी, अख्खा सीन. मग सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसरा. मग क्लोज. मग कप, हात, बॅगेची चेन असे इन्सर्ट.

एक शॉट आणि पुढचा शॉट यांत कॅमेऱ्याची जागा निदान ३० अंशांनी बदलली पाहिजे, आणि आकारही बदलला पाहिजे. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचं अंतर. टेबल ही घड्याळाची तबकडी समजा आणि कॅमेरा निदान एक तास सरकवा. त्याहून कमी सरकलात तर कट लागल्यावर माणूस जागच्या जागी दचकल्यासारखा दिसतो. यालाच जंप म्हणतात. कधी तो मुद्दाम करतात, पण मुद्दाम केलेला आणि चुकून झालेला यांतला फरक शेंबडं पोरही ओळखतं.

आता ओव्हरलॅप. मास्टरमध्ये मुलगी खुर्चीत बसते. क्लोज घेताना तिला बसलेल्या अवस्थेतून सुरू करू नका. उभी करा, बसू द्या, मग संवाद. दरवेळी कंटाळा येतो, कलाकार विचारतात, "हे दिसणार तरी आहे का?" दिसणार नाही, पण कट कुठेही लावायची मोकळीक यातूनच मिळते. "ॲक्शन" म्हणण्याआधी तीन सेकंद आणि "कट" म्हणण्याआधी तीन सेकंद कॅमेरा नुसता चालू ठेवा.

या नुसत्या सेकंदांची किंमत एडिटिंगच्या टेबलावर कळते. आमच्या फिल्ममध्ये नोकरीची बातमी ऐकल्यावर बाबांचा जो चेहरा आहे, तो शॉट मुळात ॲक्शनच्या आधीचा आहे. काका पंखा थांबायची वाट बघत वर टक लावून बसले होते. १९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच कोरा चेहरा कधी सूपाच्या वाटीला, कधी शवपेटीला, कधी एका स्त्रीला जोडला, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. आम्ही तेच केलं, फक्त सूपाऐवजी पंखा.

५. कंटिन्युइटी शीट: एकाच माणसाने भरायची

रकाने साधे ठेवा: सीन, शॉट, टेक (तोच शॉट कितव्यांदा), ओके की एनजी (नो गुड, म्हणजे बाद), लुक, कुठला हात, कुठल्या शब्दावर काय केलं, शेरा. "कुठल्या शब्दावर" हा रकाना बहुतेक जण गाळतात. खरं काम तोच करतो. बाबांनी "बरं" म्हणताना कप उचलला की "बरं" म्हणून झाल्यावर? मास्टरमध्ये एक आणि क्लोजमध्ये दुसरं झालं तर आवाज एका ठिकाणी जुळतो, हात दुसरीकडे.

"कट" म्हटल्यावर लगेच "जागेवर थांबा" म्हणा आणि फोनवर फोटो काढा. कलाकारांना पाच सेकंद पुतळा व्हायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. फोटो चेहऱ्याचा एक, टेबलाचा एक, मागच्या भिंतीचा एक.

मागची भिंत म्हणजे काय ते आमच्याकडून शिका. बाबांच्या मागे कालनिर्णय टांगलेलं होतं. ३० जूनला जूनचं पान, त्यावर आजींच्या अक्षरात दुधाचा हिशोब, जवळजवळ प्रत्येक चौकटीत. ७ जुलैला आम्ही गेलो तेव्हा आजींनी, कुणीही शहाणं माणूस उलटतं तसं, पान उलटलेलं. जुलै, जवळजवळ कोरा. आमच्या शीटमध्ये कप होते, बिस्किटं होती, कॅलेंडर नव्हतं. दोन रविवारांत शूट करणार असाल तर घरात राहणाऱ्यांना आधीच सांगा: काय हलवायचं नाही. कलाकारांनाही सांगा: केस कापायचे नाहीत, मेंदी काढायची नाही, चष्मा बदलायचा नाही. मधे कुणाच्या मामेबहिणीचं लग्न आहे का, हेही विचारून ठेवा.

जमिनीवर पडलेला उन्हाचा पट्टा हीसुद्धा वस्तूच आहे, फक्त ती चालते. अकराला टेबलाच्या पायापाशी, चारला दारात. एका सीनचे समोरासमोरचे क्लोज लागोपाठ घ्या, मधे जेवणाची सुट्टी देऊ नका.

६. खोलीचा नुसता आवाज घेतल्याशिवाय पॅकअप नाही

संवाद संपले की सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. रिकाम्या खोलीलाही स्वतःची घरघर असते. कटच्या जागी ती तुटली की डोळ्यांना न दिसलेला कट कानांना कळतो. हा टोन सगळ्या शॉटखाली सलग पसरला की अर्धे कट आपोआप मिटतात.

फ्रिज बंद ठेवाच, आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. निघताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावा लागतो, मग तो चालू करायची आठवण राहते. आजींचं तूप, दूध आणि तुमचं नाव, तिन्ही वाचतात.

७. एडिटिंगच्या टेबलावरचा क्रम

दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पहिल्या फिल्मला पुरून उरते. प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं काम फ्रेमरेट २५ करणं. एकदा क्लिप आत घेतल्या की तो बदलता येत नाही, आणि हे लक्षात येतं ते नेहमी आठवड्याभरानंतर.

मग कार्डवरचा सगळा माल दोन डिस्कवर, नंतर आवाज जुळवणं, नंतर ओके टेक वेगळे काढणं. मशीन जुनं असेल तर प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) बनवा. पहिल्यांदा फक्त मास्टर टाइमलाइनवर (शॉट ओळीने लावायच्या पट्टीवर) टाका आणि अख्खा सीन बघा. जिथे जिथे "आता तिचा चेहरा बघायचाय" असं आतून वाटेल तिथेच खूण करा. क्लोज आहेत म्हणून क्लोज लावायचे नसतात. आम्ही पहिल्या कटमध्ये प्रत्येक वाक्याला बोलणाऱ्याचा चेहरा लावला होता, टेबलटेनिसची मॅच बघावी तसं वाटत होतं. ऐकणाऱ्याचा चेहरा बहुधा जास्त बोलतो.

८. कट हालचालीत लपवा

हालचाल सुरू झाली की प्रेक्षकाची नजर तिच्या मागे जाते. त्याच क्षणी कट लागला तर तो त्या हालचालीतच वाहून जातो. बाबा कप उचलतात. मास्टरमध्ये हात कपाकडे गेला, बोटं कपाच्या कानात अडकली, कप बशीवरून सुटला: इथे कट. क्लोजमध्ये कप आधीच वर निघालेला. कप बशीवर निवांत असताना कापलंत किंवा ओठांना लागल्यावर कापलंत, तर कट उघडा पडतो.

एक बारीक गोष्ट पुस्तकी वाटेल, पण करून बघा. दोन शॉट अगदी तंतोतंत जुळवले तरी कधी कधी उडी वाटते. लांबच्या शॉटवरून जवळच्यावर आलो की डोळ्याला नवी चौकट समजायला क्षण लागतो, आणि तेवढ्यात हालचालीचा एक तुकडा हरवतो. म्हणून जवळच्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेम मागून सुरुवात करा, म्हणजे हालचाल किंचित पुन्हा घडू द्या. २५ फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कपाच्या त्या एका कटवर मी अख्खा शनिवार घालवला आहे: एक फ्रेम पुढे, दोन मागे, परत एक पुढे. बायको म्हणाली, "अहो, ते किती वेळा पिणार चहा?"

हे कसब सिनेमाबरोबर जन्मलेलं नाही. एडविन पोर्टर या अमेरिकन दिग्दर्शकाच्या अग्निशामक दलावरच्या १९०३ च्या मूकपटात आगीतून सुटकेचा प्रसंग आधी खोलीच्या आतून अख्खा दिसतो, आणि मग तोच बाहेर रस्त्यावरून पुन्हा अख्खा. आतला आणि बाहेरचा शॉट हालचालीवर एकमेकांत गुंफायचे, ही सवय लागायला पुढची बरीच वर्षं गेली. तेव्हा आपल्याला पहिल्या महिन्यात जमलं नाही तर लाजायचं कारण नाही.

संवादात कट लपवायची दुसरी जागा म्हणजे आवाज. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापू नका. मुलीचं "बाबा, ऐका ना" बाबांच्या चेहऱ्यावरच सुरू होऊ दे, चित्र मागाहून तिच्यावर जाऊ दे. हा जे कट. उलट, तिचं वाक्य चालू असतानाच बाबांचा चेहरा आला तर तो एल कट. टाइमलाइनवर क्लिपचा आकार त्या अक्षरांसारखा दिसतो म्हणून ही नावं.

जुळत नसलेल्या दोन टेकमधून निवडायचं झालं तर? वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने कटचे सहा निकष सांगितलेत आणि त्यांना चक्क टक्के दिलेत: भावना ५१, गोष्ट २३, लय १०, प्रेक्षकाच्या नजरेची वाट ७, पडद्याच्या सपाट चौकटीतली मांडणी ५ आणि प्रत्यक्ष जागेचं सातत्य ४. सगळं मिळत नसेल तर खालून सोडत यायचं. हे वाचून मी आधी चरफडलो, कारण ज्या रेषेपायी आमचे दोन महिने गेले ती याच्या यादीत तळाजवळ. मग लक्षात आलं, आमच्या पहिल्या चार मिनिटांत भावना धरतच नव्हती. प्रेक्षकाला गुंतायला काही नव्हतं, म्हणून त्याला फ्रिज दिसला. दोन्ही टेकमध्ये काही चुकलं असेल तर ज्यात डोळे खरे आहेत तो घ्या, चहाची पातळी गेली खड्ड्यात.

९. घराबाहेर पडलात की दिशा सांभाळा

मुलगी दारातून निघताना फ्रेमच्या उजवीकडून बाहेर पडली, तर जिन्याच्या शॉटमध्ये ती डावीकडून आत आली पाहिजे. म्हणजे ती पुढेच चाललीय असं वाटतं. उजवीकडूनच आत आली तर घरी परत निघाली.

ठाण्यात हा धडा लोकलने शिकवला. स्टेशनच्या पश्चिमेला उभं राहून रुळांकडे तोंड केलं की सीएसएमटीकडे जाणारी गाडी डावीकडून उजवीकडे जाते. कोपरीच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूने बघा, तीच गाडी उजवीकडून डावीकडे. आम्ही एक शॉट पश्चिमेकडच्या मित्राच्या गच्चीवरून घेतला, दुसरा कोपरीतल्या दुसऱ्या मित्राच्या गच्चीवरून, कारण तिथून आभाळ सुंदर दिसत होतं. दोन्ही लागोपाठ लावले तर मुलगी मुंबईला निघाली आणि मुलुंडही न गाठता माघारी फिरली. मधे तिचा सरळ समोरून क्लोज टाकला तेव्हा गाडी एकदाची पुढे गेली. रूळ हीसुद्धा ॲक्सिसच. बाजू निवडा आणि तिथेच राहा.

१०. चुकलंच तर

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: शॉट आरशासारखा उलटा करणे. मुलगी पुन्हा डावीकडे बघायला लागली, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग दिसलं, मनगटावरचं घड्याळ उजव्या हातात गेलंय, भांग दुसऱ्या बाजूला, आणि फ्रिजवरचं "शुभ लाभ" उलटं. साडी असती तर पदर उजव्या खांद्यावर गेला असता, पुरुष असता तर शर्टाचा खिसा उजवीकडे. उलटा करण्याआधी अक्षरं, खिसा, पदर, घड्याळ एवढं बघाच.

दुसरा उपाय मोठं करणे. शूट ३८४० बाय २१६० मध्ये आणि फिल्म १९२० बाय १०८० मध्ये काढणार असाल तर चौकट दुप्पट मोठी केली तरी चित्र फुटत नाही. आम्ही उलटे शॉट इतके जवळ घेतले की फ्रिज, शुभ लाभ आणि मनगट तिन्ही बाहेर गेले. कालनिर्णयचंही असंच. जुलैचे शॉट जवळून, जूनचे लांबून.

तिसरा उपाय मधे काहीतरी घालणे. कप, पावसाचं पाणी, हाताची चुळबुळ. पण दर पेचाला कप दाखवलात तर प्रेक्षकाला वाटतं चहात विष आहे.

आणि शेवटचा, खरा उपाय: पॅच शूट, म्हणजे कमी पडलेला शॉट नंतर जाऊन घेणं. लाज सोडा, आजींना फोन करा, चाळीस मिनिटांत एक शॉट घेऊन या. आम्ही मुलगी साखरेचा डबा आणायला उठते आणि परत येऊन दुसऱ्या खुर्चीत बसते, एवढा एकच शॉट घेतला. रेष बदलली, आणि खिडकीकडून घेतलेले एरवी टाकून दिले असते असे सहा शॉट न उलटता वापरता आले. पॅचसाठी तेच कपडे लागतात, म्हणून फिल्म लॉक (एडिटिंग पक्कं) होईपर्यंत कपडे कलाकारांच्या घरी देऊ नका. धुऊन, घडी करून, स्वतःच्या कपाटात.

११. आधी आवाज बंद करून बघा, मग योग्य माणसांना दाखवा

आवाज बंद करून एकदा अख्खी फिल्म बघा. कोण कुणाशी बोलतंय हे नुसत्या नजरांवरून कळलं पाहिजे. मग डोळे मिटून फक्त ऐका. जिथे आवाज तुटेल तिथे खूण. मग फोनवर बघा, कारण बहुतेक लोक तिथेच बघणार आहेत.

दाखवायला कलाकार नकोत, ते स्वतःचे केस बघतात. टीममधलेही नकोत. गोष्ट माहीत नसलेली दोन-तीन माणसं बोलवा, त्यांच्या मागे बसा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या मानांकडे बघा. कुणी मान तिरकी केली, कुणी शेजारच्याकडे वळलं, कुणाचा हात फोनकडे गेला, ती वेळ लिहून ठेवा. "कशी वाटली?" विचारू नका, सगळे छान म्हणतात. "ती कुठे बसली होती?" असं विचारा.

आणि ज्यांच्या घरात शूट केलंत त्यांना सगळ्यात शेवटी दाखवा. आमचा फायनल कट वीसेक जणांनी बघितला, कॅलेंडर एकालाही दिसलं नाही. आजींनी तिसऱ्या मिनिटाला बोट दाखवलं. "हा जूनचा हिशोब आहे. आणि लगेच जुलै कसा आला? मधले तीन लिटर कुठे गेले?"